पट्टीवर न छापलेला कर

कांदा स्वस्त झाला म्हणून हॉस्टेलच्या मेसमध्ये भजी तळली गेली आणि त्याच दिवशी माझ्या फीचा हप्ता पुढे ढकलला गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे शोधता शोधता मी कर, बजेट आणि सरकारी खर्चाच्या भानगडीत शिरले. त्याचीच ही गोष्ट.

डिसेंबर २०२३. तेव्हा मी सेकंड इयरला होते. पुण्यातल्या आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये दिवाळीपासून ताटातला कांदा गायब झाला होता. मागितला की मेसच्या काकू म्हणायच्या, "कोबी खा, कोबी. तब्येतीला बरा." मग एका संध्याकाळी अचानक परातभर कांदाभजी समोर आली. काकू खुशीत होत्या. "उतरला गं बाई एकदाचा कांदा!" सगळ्या पोरी तुटून पडल्या. मीही.

तेवढ्यात मोबाइल वाजला. बाबांनी हिशेबपट्टीचा फोटो पाठवला होता. आमचं गाव नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या पट्ट्यातलं. बाजार समितीत ट्रॉलीचा लिलाव झाला की व्यापारी एक कागद देतो. त्यावर वजन, भाव, हमाली, तोलाई आणि सगळं वजा जाता हातात येणारी रक्कम लिहिलेली असते. ती हिशेबपट्टी. भाव चांगला मिळाला की बाबा तिचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतात. त्या दिवशी त्यांनी तो फक्त मला पाठवला होता. खाली एकच ओळ होती, 'दुसरा हप्ता जानेवारीत भरू. कॉलेजला विचारून बघ.'

रूममेटनं विचारलं, "काय झालं गं?"

मी म्हटलं, "काही नाही. कांदा उतरला."

झालं होतं ते असं. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ३१ मार्च २०२४ पर्यंत. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं होतं आणि ऑक्टोबरच्या शेवटी टनामागे ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आलं होतं. बंदीची बातमी आली तशी नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर उतरले. पण रस्त्यावर किती दिवस उतरणार? डिसेंबरचा कांदा हा लाल कांदा. तो उन्हाळ कांद्यासारखा चाळीत सहा महिने टिकत नाही. काढला की विकायचा, नाहीतर सडताना बघायचा. बाबांनी विकला.

"आपण कुठे टॅक्स भरतो?"

आता मी या पुरवणीत इंटर्न आहे. 'कॉलेजच्या मुलांना बजेटमधलं काय कळतं, यावर काहीतरी कर,' असं सांगितल्यावर मी वही घेऊन कट्ट्यावर गेले. 'तुम्ही किती टॅक्स भरता?' असा साधा प्रश्न होता. जवळपास प्रत्येकाचं उत्तर एकच. "आपण कुठे टॅक्स भरतो? कमवायला तर लागू दे!" एकानं तर ऐकवलं, "आता बारा लाखांपर्यंत टॅक्सच नाही. माझं पॅकेज तेवढं असेल तर पेढे वाटेन."

मग आम्ही सगळ्यांनी मिळून एका दिवसाचा खर्च मांडला. मोबाइलचा रिचार्ज, त्यावर १८ टक्के जीएसटी. कॅफेतली कॉफी, ५ टक्के. शॅम्पू आणि टूथपेस्ट २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्क्यांत होती, आता ५ टक्क्यांत. त्याच दिवसापासून वह्या, पेन्सिली आणि खोडरबर शून्यावर आले. क्लासच्या फीवर १८ टक्के. गाडीत टाकलेल्या पेट्रोलवर जीएसटी नाही, पण केंद्राची एक्साइज आणि राज्याचा व्हॅट आहे. दहा मिनिटांत कट्ट्यावरचे सगळे 'टॅक्सपेअर' झाले होते.

एक थर्ड इयरचा मुलगा म्हणाला, "म्हणजे बिलावर छापलेलं असतं म्हणून तरी कळतं. नसतं छापलं तर?"

त्यानं सहज विचारलं होतं. माझ्या डोक्यात मात्र बाबांची पट्टी आली. तिच्यावर हमाली होती, तोलाई होती. निर्यातबंदी किंवा शुल्काच्या नावानं एक रुपयाही वजा झालेला नव्हता. गंमत बघा, मराठीत पट्टी म्हणजे करसुद्धा. घरपट्टी, पाणीपट्टी. आणि आमच्या पट्टीवर मात्र सगळ्यात मोठी पट्टीच छापलेली नव्हती.

दुबईचं गिऱ्हाईक आणि आमची ट्रॉली

निर्यात शुल्क व्यापारी भरतो, मग त्यात शेतकऱ्याचं काय जातं? माझाही हाच प्रश्न होता. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमनी तो कागदावर सोडवून दाखवला. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, खरे भाव नव्हेत.

समजा, दुबईतला घेणारा किलोला ४२ रुपयेच द्यायला तयार आहे. त्याच्यापुढे पाकिस्तानचाही कांदा आहे, त्यामुळे तो ४३ देणार नाही. शुल्क नसताना हे ४२ रुपये निर्यातदाराकडे येतात. त्यातून गोण्या, कंटेनर, जहाजाचं भाडं आणि स्वतःचा नफा काढून तो लिलावात बोली लावतो. आता ४० टक्के शुल्क लागलं. ३० रुपयांच्या मालावर १२ रुपये शुल्क, दोन्ही मिळून ४२. म्हणजे त्याच्या हातात राहिले ३०. जहाजाचं भाडं कमी झालं नाही, गोणी स्वस्त झाली नाही. कमी करता येण्यासारखी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे लिलावातली बोली.

किलोमागे १२ रुपये. १०० क्विंटल कांद्याला १ लाख २० हजार. शुल्काची पावती निर्यातदाराच्या नावानं फाटली, पैसे गेले शेतकऱ्याच्या खिशातून. अर्थशास्त्रात याला कराचा भार म्हणतात. कर कुणाकडून घेतला, हे कायद्यात लिहिलेलं असतं. तो खरोखर कुणाच्या अंगावर पडला, हे बाजार ठरवतो.

पुढची पायरी मला आणखी महत्त्वाची वाटली. निर्यातदारांनी बोली उतरवली की सगळ्याच कांद्याचा भाव उतरतो, पुण्याला जाणाऱ्याचाही. म्हणजे शेतकऱ्याचं नुकसान सगळ्या कांद्यावर, आणि सरकारच्या तिजोरीत पैसे येतात ते फक्त परदेशी गेलेल्या कांद्याचे. उरलेले कुठे जातात? ते जातात स्वस्त कांद्याच्या रूपानं शहरातल्या गिऱ्हाइकाकडे. पूर्ण बंदी असली तर तिजोरीत एक पैसाही येत नाही. सगळी सवलत थेट गिऱ्हाइकाला. म्हणजे त्या संध्याकाळच्या भजीचं थोडं बिल बाबांनी भरलं होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि मला ते माहीत नव्हतं.

आंबेठाणचा माणूस

हे सगळं मी फोनवर बाबांना उत्साहानं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "हे तुझे आजोबा चाळीस वर्षांपूर्वी सांगायचे. शरद जोशींच्या सभेतून आले की."

मग मी जोशी वाचायला लागले. नाव ऐकून होते, घरातल्या ट्रंकेत शेतकरी संघटनेचा लाल बिल्लाही आहे. पण हा माणूस इतका वेगळा असेल असं वाटलं नव्हतं. १९३५ साली साताऱ्यात जन्म, मुंबईच्या सिडनॅम कॉलेजचं शिक्षण, मग टपाल सेवेत अधिकारी, मग स्वित्झर्लंडमध्ये बर्नला युनिव्हर्सल पोस्टल युनियनमध्ये नोकरी. ती सोडून १९७७ च्या सुमाराला ते चाकणजवळ आंबेठाणला आले आणि कोरडवाहू जमीन घेऊन शेती करायला लागले. शेती का परवडत नाही, हे त्यांना स्वतःच्या वहीत बघायचं होतं. चाकणच्या कांद्यापासून आंदोलन सुरू झालं. १९८० मध्ये ऊस आणि कांद्याच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे रोखल्या गेल्या. त्यात पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले.

त्या काळात बहुतेक शेतकरी नेते सरकारकडे काहीतरी मागत होते. जोशींचं म्हणणं उलटं होतं. सरकार शेतकऱ्याला देतं कमी आणि घेतं जास्त, तेव्हा आधी घेणं थांबवा. शहरात धान्य स्वस्त ठेवायचं, कारखान्याला कच्चा माल स्वस्त द्यायचा, म्हणून शेतमालाचे भाव मुद्दाम पाडले जातात, असं ते सांगत. त्यासाठी हत्यारं बरीच होती. निर्यातबंदी होती. साखर कारखान्यांकडून ठरावीक साखर कमी दरानं घेणारी लेव्ही होती, ती थेट २०१३ मध्ये गेली. महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. म्हणजे कापूस सरकारी यंत्रणेलाच घालायचा, सीमेपलीकडे भाव जास्त असला तरी नेता येत नसे. या सगळ्याला त्यांनी शब्द वापरला, 'उणे सबसिडी'. खतावर दिलेली सबसिडी बजेटात दिसते. भाव पाडून घेतलेली रक्कम कुठल्याच बजेटात दिसत नाही. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा याच हिशेबातून आलेली. बाबांना ती अजून पाठ आहे.

हे फक्त भाषणातलं गणित होतं का? २०१८ मध्ये ओईसीडी ही आंतरराष्ट्रीय संस्था आणि दिल्लीची इक्रिअर यांनी भारताच्या शेती धोरणांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की खतं-विजेच्या सबसिड्या हिशेबात धरूनही २०००-०१ ते २०१६-१७ या काळात धोरणांमुळे शेतकऱ्यांची ढोबळ मिळकत वर्षाला सरासरी १४ टक्क्यांनी कमी झाली. जोशी डिसेंबर २०१५ मध्ये गेले होते.

आजीनं या गोष्टीत स्वतःची भर घातली. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं, त्याला ती ट्रॅक्टरमधून गेली होती. पुढे संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती' काढली. नवऱ्यानं आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. आजोबांनी वीस गुंठे केले. "तेवढ्या सातबाऱ्यावर माझं नाव हाय," असं आजी आजही पाहुण्यांना सांगते. मालकी हक्क म्हणजे काय, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या वाक्यानं नीट कळलं.

१०० पैकी ९७ रुपये ७५ पैसे

खुल्या बाजाराची बाजू मांडणारे फक्त शेतात नव्हते. मुंबईत नानी पालखीवाला होते. मोठे वकील. बजेट आलं की ते त्यावर जाहीर भाषण करायचे. १९५८ मध्ये एका हॉटेलच्या छोट्या हॉलमध्ये सुरू झालेली ही भाषणं पुढे ब्रेबॉर्न स्टेडियमवर व्हायला लागली. बजेट ऐकायला स्टेडियम भरायचं! आज आपण तिथे फक्त क्रिकेटची कल्पना करू शकतो.

लोक यायचे, कारण कराचे दरच तसे होते. १९७३-७४ मध्ये उत्पन्नाच्या सगळ्यात वरच्या टप्प्यावर प्राप्तिकर आणि अधिभार मिळून दर होता ९७.७५ टक्के. त्या टप्प्यात १०० रुपये जास्तीचे कमावले तर घरी न्यायचे सव्वादोन. मग कोण दाखवेल कमाई? माजी सरन्यायाधीश वांछू यांच्या समितीनं १९७१ मध्येच सांगितलं होतं, की इतके चढे दर हेच करचुकवेगिरीचं आणि काळ्या पैशाचं मोठं कारण आहे. १९७४ च्या बजेटमध्ये हा दर ७७ टक्क्यांवर आणला गेला. आणणारे अर्थमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. पुढे टप्प्याटप्प्यानं तो उतरत गेला आणि १९९७ मध्ये ३० टक्क्यांवर आला. मधे १९९१ चं बजेट येऊन गेलं होतं. ते तर आपल्याला पाठ्यपुस्तकात आहेच.

म्हणजे कर कमी केला की सगळं छान होतं? इतकं सोपंही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांच्या नफ्यावरचा मूळ कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, सवलती सोडायच्या अटीवर. त्यातून अपेक्षेएवढी गुंतवणूक आणि नोकऱ्या आल्या का, यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतायत. पालखीवालांचा मुद्दा मात्र त्या भांडणाच्या आधीचा आहे. कर घेताना सरकारनं लाजायचं नाही, पण कारण द्यायचं आणि आकडा दाखवायचा.

मग माझं अर्धं तिकीट?

इथपर्यंत लिहून झालं तेव्हा मी स्वतःवर खूश होते. मग सुट्टीत घरी जायला एसटीत बसले. कंडक्टरनं तिकीट दिलं. अर्धं.

मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीच्या तिकिटात ५० टक्के सवलत आहे. ती रक्कम राज्य सरकार एसटीला देतं. माझी शाळा जिल्हा परिषदेची. ज्युनियर कॉलेज अनुदानित. गावातल्या माझ्या मैत्रिणीचं इंजिनिअरिंगचं शिक्षण शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ झालं, कारण वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींसाठी राज्यानं तसा निर्णय घेतला. आईच्या खात्यात लाडकी बहीणचे दीड हजार येतात. खुल्या बाजारावर पानभर लिहिणारी मी, माझं निम्मं आयुष्य सरकारी खर्चावर चाललंय!

बाबांना हे सांगितलं तर ते हसले. "एका हातानं लाख काढून घ्यायचे आणि दुसऱ्या हातानं महिन्याला दीड हजार द्यायचे. वर आपणच थँक्यू म्हणायचं."

आई मात्र चिडली. "तुमच्या कांद्याचे पैसे तुमच्या खात्यावर येतात. हे माझ्या खात्यावर येतात. मला कुणाला विचारावं लागत नाही." आणि तिनं मला आठवण करून दिली, की त्या जानेवारीतही पैसे जमले नव्हते आणि माझा हप्ता तिनं बचत गटातून कर्ज उचलून फेब्रुवारीत भरला होता. व्याज तिनंच फेडलं.

दोघंही बरोबर होते, हीच अडचण.

सरकारी खर्चाबद्दल खुल्या बाजारवाल्यांचा प्रश्न साधा असतो. पैसे कुणाचे? २०२५-२६ च्या राज्याच्या बजेटमध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद होती. त्याच बजेटमध्ये राज्यावरचं कर्ज ९ लाख ३० हजार कोटींच्या वर जाईल असा अंदाज होता. महसुली तूट ४५ हजार कोटींच्या पुढे. म्हणजे रोजचा खर्चही उत्पन्नात भागत नाही, काही भाग उसना आहे. आजचं कर्ज म्हणजे उद्याचा कर, असं हे लोक म्हणतात. आणि उद्या तो भरणार कोण? आज ज्यांचं वय वीस-बावीस आहे ते. कट्ट्यावर 'आपण कुठे टॅक्स भरतो' म्हणणारे. या बिलावर आपलं नाव आधीच लिहिलेलं आहे, फक्त तारीख पुढची आहे.

तरीही जिल्हा परिषदेची शाळा नसती तर मी हा लेख लिहिला नसता, हेही तितकंच खरं.

रूममेटचा प्रश्न

लेखाचा कच्चा खर्डा मी रूममेटला वाचायला दिला. तिचे वडील सोलापूरला कामगार आहेत, घरात खाणारी पाच माणसं. ती म्हणाली, "सगळं ठीक. पण कांदा शंभर रुपये झाला असता तर माझ्या आईनं काय करायचं होतं? ती तर तुझ्या बाबांपेक्षा गरीब आहे."

याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. महाग कांदा हा साधा विषय नाही. १९९८ मध्ये दिल्लीतलं सरकार पडण्यामागे कांद्याचे भाव हे मोठं कारण मानलं जातं. तेव्हापासून कुठल्याही पक्षाचं सरकार असो, कांदा चढला की त्याचा हात आधी निर्यातीच्या बटणावर जातो.

खुल्या बाजाराच्या बाजूनं येणारं उत्तर असं आहे. गरीब गिऱ्हाइकाला मदत जरूर करा, पण सगळ्यांच्या करातून करा, बजेटात मांडून करा. रूममेटच्या आईच्या खात्यात पैसे टाका. कांदा सगळ्यांसाठी पाडला तर पंचतारांकित हॉटेललाही तो स्वस्त मिळतो आणि त्याचं बिल मात्र निफाड-येवल्याचा शेतकरी एकटा भरतो. शिवाय भाव पडला की पुढच्या हंगामात लागवड कमी होते आणि कांदा पुन्हा महागतो.

हे मला पटतं. पण याच्यातही एक भोक आहे. बाजार खुला म्हणजे शेतकऱ्याच्या हातात ताकद आलीच असं नाही. लाल कांदा टिकत नाही, ट्रॉली परत न्यायला डिझेल लागतं, समोर बोली लावणारे व्यापारी मोजके. म्हणून तर देशातल्या अनेक शेतकरी संघटना हमीभावाचा कायदा मागतात. २०२० च्या शेती कायद्यांच्या वेळी ही फूट स्पष्ट दिसली. पंजाब-हरियाणाचे शेतकरी दिल्लीच्या सीमेवर विरोधात बसले होते आणि आपल्याकडची शेतकरी संघटना बाजू घेत होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घेण्याची घोषणा झाली.

त्यातलाच एक तपशील बाबा कधी विसरत नाहीत. जून २०२० मध्ये अध्यादेश निघाला, की कांदा-बटाट्यासारख्या मालावर एरवी साठ्याची बंधनं घालणार नाही, शेतकऱ्याला मोकळीक. सप्टेंबरमध्ये संसदेनं त्याचा कायदा केला. आणि त्याच सप्टेंबरच्या १४ तारखेला कांद्याची निर्यात बंद झाली. "मोकळीक दिली म्हणाले. दाराला बाहेरून कडी," असं बाबा म्हणतात.

२०२३ ची बंदी ४ मे २०२४ ला उठली, पण ४० टक्के शुल्क लागूनच. सप्टेंबरमध्ये ते २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शून्य झालं. पुढच्या वेळी कांदा चढेल तेव्हा काय होईल, हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल.

दोन रकाने

परतीच्या एसटीत मी महात्मा फुल्यांबद्दल वाचत होते. ऑक्टोबर १८८२ मध्ये त्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात त्यांनी दाखवून दिलं होतं, की सरकारचा महसूल येतो रयतेच्या कष्टातून आणि शिक्षणावरचा पैसा मात्र जातो वरच्या वर्गांच्या मुलांसाठी. फुले काही खुल्या बाजारवाले नव्हते. सरकारनं खर्च करू नये असं त्यांचं म्हणणं नव्हतंच, उलट खेड्यातल्या प्राथमिक शिक्षणावर करा असं ते सांगत होते. पण सुरुवात त्यांनी त्याच प्रश्नानं केली होती. देतंय कोण, आणि मिळतंय कुणाला?

माझ्या मते उजवं-डावं, खुला बाजार की सरकार, ही भांडणं करायच्या आधी हा प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे. दिसणाऱ्या खर्चावर आपण खूप बोलतो. कुणाला फुकट मिळतंय, कुणाला आरक्षण, कुणाला कर्जमाफी, यावर कॅन्टीनमध्ये तासन् तास भांडतो. न दिसणाऱ्या कराबद्दल मात्र कुणी बोलत नाही, कारण त्याची पावतीच नसते.

म्हणून मी एक छोटी गोष्ट सुरू केलीय. वहीच्या एका पानावर दोन रकाने पाडलेत. डावीकडे मला मिळालेलं. अर्धं तिकीट, अनुदानित कॉलेज, स्वस्त कांदा. उजवीकडे ते कुणाच्या खिशातून आलं. डावा रकाना पाच मिनिटांत भरला. उजव्यात बऱ्याच ठिकाणी अजून प्रश्नचिन्हं आहेत. एकाच ओळीत मात्र मला नाव लिहिता आलं. 'भजी, डिसेंबर २०२३' च्या समोर मी लिहिलंय, 'बाबा'. आणि त्याच्याखाली, 'व्याज – आई'.

परवा बाबांचा फोन आला. या हंगामात कांदा किती लावायचा ते ठरत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "तू आता पेपरात असतेस ना. निर्यात चालू राहील का गं?"

पेपरात असूनही मला ते सांगता आलं नाही. मी म्हटलं, "बघून सांगते."

"राहू दे," ते म्हणाले, "रोपं तर टाकलीयत."